दोन कामांची एक मशीन

प्रिय शालू,

खूप खूप आशीर्वाद. पाकीट पाहून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. अक्षर तुझ्या ओळखीचं नसेल. ते आपल्या माडीवर भाड्यानं राहणाऱ्या श्रावणीचं आहे. ती शाळेत शिकवते, म्हणून अक्षर चांगलं आहे आणि सवयीही शाळेच्याच आहेत. मी ‘मले’ म्हटलं की ती ‘मला’ लिहिते, मी ‘काहून’ म्हटलं की ‘का’ लिहिते. मग वाचून दाखवते तेव्हा मलाच प्रश्न पडतो, ही कोण पुण्याची म्हातारी बोलून राहिली? तिला म्हटलं, बाई, माझ्या सुनेला वाटेल अमरावतीच्या घरात सासू बदलली. तेव्हा कुठे ती नरमली, कुणाचं बोलणं असेल तर ते जसंच्या तसं लिहीन म्हणाली. आता हे लिहितानाही हसते आहे. हसू दे. चहा माझाच पिते.

फोन का नाही केला, असं तू विचारशील. तू फोनवर कुणाला बोलू देतेस? हो आई, बरं आई, जेवलात का आई, गोळी घेतली का आई, की झालं, ठेवलास फोन. वर मागून लेथचा आवाज. पत्राचा गुण हा की त्यात सुनेला मधे बोलता येत नाही. आणि घरात आकांक्षा असताना परक्या पोरीला का बसवलं, हेही तुझ्या मनात येईल. आकांक्षा कॉलेजात गेली आहे, ती गेल्यावरच मी श्रावणीला खाली बोलावलं. काही गोष्टी लेकीच्या हातानं आईला लिहवून घेऊ नयेत, आत्ता एवढंच सांगते.

तर तुझी मशीन. महालक्ष्म्या जेवल्या त्या दिवशी संध्याकाळी तू फोनवर मला विचारलंस. म्हणालीस, आई, अशी एक मशीन निघाली आहे, लेथ आणि मिलिंग एकातच. दोन्ही कामं आपल्याच शेडात होतील, कुणाकडे जायला नको. पण शेड लहान, दोन मशीन मावणार नाहीत, म्हणून दुकानदार जुनी लेथ घेऊन जाईल आणि ही ठेवेल. दसऱ्याला आणायची तर आता सांगावं लागेल. आणि मग तुझा आवाज बारीक झाला. म्हणालीस, गजूची लेथ आहे ती, तुम्ही हो म्हणाल तरच. मी म्हटलं, विचार करून सांगते. तू फोन ठेवायच्या आत नाक ओढलंस, ते मला इकडे ऐकू आलं. तुला वाटलं, म्हातारीला लेकाची वस्तू जाण्याचं दुःख झालं, म्हणून ती गप्प झाली. माझ्या गप्प राहण्याचे तू नेहमी असेच अर्थ लावतेस. कधी कधी माझ्या तोंडात नुसता पानाचा विडा असतो.

मी विचार केला तो वेगळाच. इतकी वर्षं येऊन जाऊन तुमच्या अकोल्याच्या शेडात वाती वळत बसले, तेव्हा अडाणी असले तरी एवढं मला कळतं की लेथवर लोखंड फिरतं आणि पातं जागेवर राहतं, मिलिंगवर पातं फिरतं आणि लोखंड जागेवर राहतं. दालमिलचा शाफ्ट गोल करायचा तो आपल्याकडे, आणि त्यात चाक घट्ट धरणारी लोखंडी चावी बसवायची खाच पाडायची ती भिंतीपलीकडे मनोजकडे. गजू होता तेव्हापासून असंच चालत आलं आहे. त्याचं मिलिंग, आपली लेथ. गिऱ्हाईक एक, भिंत मधे. आता त्यात बिघडलं काय, म्हणून तुला एका अंगावर दोन डोकी पाहिजे झाली?

म्हटलं आधी मशीन तर पाहू. दुकानदार तुला गोड बोलणार, आकांक्षा मोबाईलवर दाखवणार, त्यात सगळंच चकचकीत. मला चालवणाऱ्याच्या घरची पाहायची होती. श्रावणीच्या नवऱ्याच्या ओळखीचा प्रीतम म्हणून एक जण बडनेऱ्याला आहे, त्याच्याकडे अगदी तुझ्या मनातली मशीन आहे. आकांक्षाला सोबत घेतलं, ऑटो केला आणि गेलो. मी दारात उभी राहिले तर तो म्हणतो, ‘आजी, शिलाई मशीनवाला पुढच्या गल्लीत बसते.’ म्हटलं, ‘बावा, मले कपडा नाई शिवाचा, लोखंड कापाचं पाह्यचं हाय.’ त्यानं आकांक्षाकडे पाहिलं. तिनं मान हलवली, की आजी खरंच बोलते आहे. मग मात्र त्यानं खुर्ची पुसून दिली.

मशीन छान आहे हं. लेथच्या मागून एक खांब वर गेला आहे आणि त्याला मिलिंगचं डोकं. धुणं धुणाऱ्या बाईनं लेकरू पाठीशी बांधावं, तशी दिसते. त्यानं माझ्यासाठी एक गोल सळी घासून दाखवली, झरझर. मग म्हणाला, आता खाच पाडतो. तर सळी काढली, हे सोडलं, ते आवळलं, पट्टी लावून पाहिली, पुन्हा सोडलं, पुन्हा आवळलं. तेवढ्यात आकांक्षानं आणि मी वाटेत घेतलेले सगळे फुटाणे संपवले. खाच पडली, नाही असं नाही. मी म्हटलं, ‘काहून रे, दोनी संगं नाई चालत?’ तो म्हणाला, ‘नाई आजी. दोनी कामं करते, पन येका टायमाले येकच. लेथ चालू तवा मिलिंग उभी, मिलिंग चालू तवा लेथ उभी. आन् जास्त जोर लावला का थरथरते.’ तक्रार नव्हती हो त्याची. तो उसाच्या रसाच्या गाड्यांची, पिठाच्या गिरणीची मोडतोड दुरुस्त करतो, आज एक नग, उद्या दुसरा. त्याला पुरते. म्हणाला, ‘खोली येक, मानूस येक, मशीन येक. आपलं बरं हाय.’ मी विचारलं, घरी कोण कोण? म्हणाला, ‘मीच.’

परत येताना ऑटोत मी डोळे मिटून बसले. आकांक्षा म्हणाली, आजी, दमलीस का? दमले नव्हते. मला ती मशीन कळली होती. ती वाईट नाही शालू, पण ती एकट्या माणसाची मशीन आहे. तुझी कामं तशी नाहीत. दालमिलवाले सीझनला शाफ्ट आणतात ते ढीग आणतात. एक तुझ्या लेथवर फिरत असतो तेव्हा आधीचा पलीकडे कापला जात असतो, म्हणून तर तुझं काम वेळेवर जातं. हे तुला समजत नाही? तुला तर माझ्या आधी समजतं. लोखंडाचा तुकडा तू बोटानं चाचपून त्याची खोड सांगतेस. मग समजत असूनही ही बाई ती मशीन का मागून राहिली? मी रात्रभर जागले वगैरे नाही, मस्त झोपले. पण सकाळी चूळ भरताना उत्तर माझ्यापुढे उभं होतं.

त्या भिंतीची गोष्ट तू नुसती ऐकली आहेस. आकांक्षाच्या वेळी तू बाळंतपणाला माहेरी होतीस, पाहिली ती मी. शाफ्ट खांद्यावर घेऊन रस्त्यानं वळसा घालायचा, मनोजकडे द्यायचा, पुन्हा जाऊन आणायचा, याला गजू कंटाळला. दोघांनी ठरवलं, भिंतीला भोक पाडायचं, शाफ्ट इकडून सरकवला की तिकडे. गजू इकडून लागला, मनोज तिकडून. दोघं केसाएवढा फरक बोटानं ओळखणारे, पण भिंत काय मोजायची, म्हणून मोजलीच नाही. दुपारी गजूचं भोक आरपार निघालं, मनोजचंही निघालं, आणि दोन्हींत चांगलं हातभर अंतर! पलीकडून मनोज ओरडून राहिला, ‘अबे, कुठं खंदून राहिला बे?’ हा इकडून म्हणतो, ‘मी जाग्यावरच हावो, तूच सरकला!’ मी पदर तोंडात धरून बसले होते. शेवटी दोन्ही भोकं एकमेकांना जोडावी लागली, म्हणून तुमची ती खिडकी अशी आडवी, ताणलेली आहे. शेडचा मालक आला, त्यानं पाहिलं, आणि डोक्याला हात लावून परत गेला. गजू त्यावर कितीतरी दिवस हसत होता. त्याचं हसणं आठवायचं असेल तेव्हा मी ती दुपार आठवते. दवाखान्यातली नाही आठवत.

गजू गेल्यावर सगळ्यांचं एकच, लेथ विका. तू मात्र तेरवी होऊन गेल्यावर एका सकाळी म्हणालीस, आई, सोबत चला, मला एकटीला शटर उघडवत नाही. मी कापूस घेऊन आले आणि बसले. तू तोवर गजूला चहा देताना जेवढं पाहिलं होतंस तेवढ्यावर मशीन चालू केलीस. पातं लोखंडाला लावलंस आणि असं काही किंचाळलं ते, की मी कान झाकले. तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला, ‘वहिनी, टूल वर बसलं. जरासं खाली घ्या.’ तोंड दिसलं नाही. त्याला तुझं काम दिसत नव्हतं, नुसता आवाज ऐकून तो सांगत होता. मग रोज तेच. वहिनी, धार गेली. वहिनी, घाई करू नका. वहिनी, आता बरोबर, हाच आवाज ध्यानात ठेवा. वर्षभर त्यानं तुला शिकवलं आणि आपल्या शेडात एकदाही पाऊल ठेवलं नाही. एकदा तुझं लोखंड धरायचं चक अडकलं, तू रडकुंडीला आलीस, मी म्हटलं, ये ना रे बावा आत, दोन मिनिटांचं काम. तर म्हणतो, ‘नाही काकू, वहिनीच्या हातानंच निघू द्या.’ मला राग आला, म्हटलं कसला आखडू आहे हा! मग माझं लक्ष शटरबाहेर गेलं. समोर चहाची टपरी, टपरीवर बसलेली माणसं, आणि सगळ्यांचे डोळे आपल्या शेडाकडे. तो आत आला असता तर संध्याकाळपर्यंत बाळापूरला माझ्या लेकीच्या सासरी बातमी गेली असती. मी सासू असून मला जे सुचलं नाही, ते त्याला आधी सुचलं होतं.

मागच्या हिवाळ्यात मी आले होते, तेव्हा तू मला वाती वळणारी म्हातारी समजलीस. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे खरं. पण तेलानं माखलेला शाफ्ट द्यायला जाताना आधी साबणानं हात धुणारी बाई मी तुझ्या शेडातच पाहिली. गिऱ्हाइकावर तू ओरडतेस, लाइटवाल्यावर ओरडतेस, माझ्यावर तर हक्कानं ओरडतेस, आणि त्या खिडकीशी गेलीस की आवाज असा, जसं पाळण्यात कुणी निजलं आहे. आणि तो! मी एकदा चालत पलीकडे गेले होते, आठवतं? तू म्हणालीस, आई कुठे निघाल्या, मी म्हटलं पाय मोकळे करते. त्याच्या टेबलावर खाच पाडलेले शाफ्ट पडले होते. एकावरून हात फिरवला तर बोट कापलं. खाच कापल्यावर लोखंडाच्या कडेला धार राहते ना, ती तशीच. तो धावत आला, हळद शोधायला लागला. म्हटलं हळद राहू दे, हा कुणाचा? म्हणाला, एका गिऱ्हाइकाचा, ते स्वतः घासून घेतात. शेजारी दुसरे ठेवले होते कापडावर, त्यांवरून हात फिरवला तर कडा लोण्यासारख्या. प्रत्येकीवर कानस फिरवलेली. ते कुणाचे, हे मी विचारलंच नाही. त्याचे कान लाल झाले होते, तेवढ्यावर भागलं.

आणखी एक गंमत सांगते, तुझ्या लक्षात आली नसेल. आधी तो तुला प्रत्येक वाक्यात वहिनी म्हणायचा. आता काहीच म्हणत नाही. खिडकीशी येतो, उभा राहतो, खाकरतो. तूही आधी मनोजभाऊ म्हणायचीस, आता ‘हे घ्या’ म्हणतेस. दोन धडधाकट माणसं, दोघांना तोंड आहे, आणि एकमेकांना हाक मारायला एक शब्द सापडेना. मी चार दिवस कापूस वळत ही मजा पाहत होते, आणि तुम्हाला वाटत होतं, म्हातारी डुलक्या घेते.

तेव्हा मी काही बोलले नाही, कारण पोळी तव्यावर असताना सारखं उलटून पाहणं मला आवडत नाही. मी आपली अमरावतीला आले. मग आली ती बाळापूरची गोष्ट. आपल्या सुभद्रेच्या नातवाचं बारसं. तुझी नणंद आणि माझी लेक, तेव्हा तिची जीभ कुठून आली हे मला विचारू नकोस. दहा बायांसमोर ती म्हणाली म्हणे, ‘अकोल्याले तं आता भिंतीतून संसार चालते.’ मी तेव्हा न्हाणीघरात होते, नाहीतर निकाल तिथेच लागला असता. तू ताट तसंच ठेवून गाडीत जाऊन बसलीस, डोकं दुखतं म्हणालीस, आणि मीही तुझं डोकं चेपून दिलं. काय झालं ते मला आकांक्षानं आत्ता, बडनेऱ्याहून आल्यावर सांगितलं, मी खोदून विचारलं तेव्हा. खिडकीला तू पत्रा ठोकलास, हेही तिनंच सांगितलं. आता शाफ्ट हातगाडीवरून रस्त्यानं फिरून जातात म्हणे. आणि हातगाडीही नको म्हणून ही मशीन.

सुभद्रेला मी फोन लावला. म्हटलं, ‘सुभद्रे, गजू गेला तवा शालूच्या शेडात तू किती दिवस येऊन बसली होती?’ मग म्हटलं, ‘बरं, तिच्या लेकीच्या अॅडमिशनले कोन गेलं होतं संगं?’ म्हटलं, ‘मंग बाई, तोंड तेवढं काहून पाठवते?’ ती रडली. म्हणाली, आई, मला दादाचं वाईट वाटते, सगळे त्याला विसरून राहिले. तिचंही खरं आहे गं. तिचा भाऊ होता. आम्ही दोघी फोनवर बराच वेळ रडलो, मग तिनं मला बटाट्याचे पापड पाठवते म्हणून सांगितलं, म्हणजे मिटलं समज.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ती गजूची लेथ आहे म्हणून तू मला विचारलंस. शालू, गजूनं ती जेवढी चालवली त्याहून जास्त तू चालवली आहेस. तिच्या हँडलचा रंग तुझ्या तळहातानं गेला आहे. ती ठेवायची की विकायची, हे मला विचारायचं नाही. झिजली म्हणून विकलीस, मोठी नवी घेतलीस, तर पेढे मी वाटीन. लोखंडात मी माझा लेक ठेवलेला नाही. पण ही दोन कामांची मशीन घेऊ नकोस. तुला मिलिंग नको आहे. तुला मनोजकडे जावं लागू नये, अशी सोय हवी आहे. आणि ती सोय तू माझ्यासाठी करून राहिलीस.

हो, माझ्यासाठी. सुभद्रेला तू भीत नाहीस, मला माहीत आहे. तू भितेस ती माझ्या तोंडाला. गजूच्या फोटोला हार घालतेस तेव्हा आधी माझ्याकडे पाहतेस, हार सरळ झाला का म्हणून. नवं लुगडं घेतलं की रंग मला दाखवतेस, जास्त भडक तर नाही ना? मी कधी तुला म्हटलं का, की अशी राहा आणि तशी राहू नकोस? कधीच नाही म्हटलं. पण मी म्हटलं नाही तेही तू ऐकलंस. गजू माझ्या पोटचा. त्याला विसरणं मला जमणार नाही, आणि तुलाही जमणार नाही. पण त्याला आठवायला दोन बायांनी दोन घरांत एकट्यानं बसावं लागतं, असं मला कुणी शिकवलं नाही. तू हसलीस तर माझा लेक कमी होत नाही.

आकांक्षालाही मी विचारलं. भीत भीत विचारलं, पोरीचं मन, काय सांगावं! तर ती भाजी निवडता निवडता म्हणते, ‘आजी, तुले आत्ता समजलं? मी दहावीत होते तवाच मनोजकाकाले सांगून ठेवलं होतं, का आईले गुळाचा चहा लागते.’ घ्या! मी स्वतःला मोठी हेर समजत होते, आणि नात माझ्या तीन वर्षं पुढे.

मनोजशी मी बोललेले नाही. तुझ्याआधी त्याच्याशी बोलणं बरं नव्हे. त्याची आई गेल्यापासून त्या घरात तो एकटा आहे, आईच्या दुखण्यात त्याचं लग्न राहून गेलं, हे तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. पण तुझ्या मनात काय आहे, ते तुझं तू पाहा. मी पाहिलं ते चुकीचं असेल, तर हा कागद चुलीत घाल, चूल नाही तुझ्याकडे, तर गॅसवर धर. मी पुन्हा हा विषय काढणार नाही. मग ती मशीन खुशाल घे, दसऱ्याला मी येऊन तिला हळदकुंकू वाहीन आणि तोंड वाकडं करणार नाही. थोडंसंच करीन.

हे सगळं कागदावर का, ते आता सांगते. तू हो म्हणालीस तर बोलणी करायला मी येणार आहे, आणि मुलाकडच्यांच्या रांगेत नाही, समोर. तुझे आईवडील आता नाहीत, तेव्हा मुलीकडून बसायचा हक्क माझा. पितृपक्ष लागला की अशा गोष्टी बोलत नाहीत, म्हणून घाईनं आजच लिहवून घेते आहे. पण मी बोलले ते वारा घेऊन जातो, आणि माझं वयही आता सांगण्यासारखं राहिलं नाही. उद्या मी नसले, तर कुणीतरी तुला ऐकवेल की म्हातारीचे डोळे मिटले आणि सुनेनं मन मोकळं करून घेतलं. ते तुला ऐकावं लागू नये. म्हणून श्रावणीला सांगितलं, आता शुद्ध लिही, एकही ‘मले’ ठेवू नकोस, कोर्टाच्या कागदासारखं लिही: मी, कौशल्या पुंजाराम गावंडे, राहणार अमरावती, पूर्ण शुद्धीत आणि आनंदानं सांगते की माझी सून शालू हिनं मनोजशी लग्न करावं अशी माझी इच्छा आहे, ती मी स्वतः, कुणी न सांगता, बोलून दाखवत आहे. ज्याला शंका असेल त्याला हे दाखव. खाली माझा अंगठा आहे. श्रावणीनं शाळेतून शाईची डबी आणली, जांभळी निघाली, तीच लावली. पहिल्यांदा पुसट उठला, म्हणून शेजारी दुसरा जोर लावून उठवला आहे, दोन्ही माझेच. शाई ओली आहे, वाळेपर्यंत घडी करता येत नाही म्हणते ही मास्तरीण. मी फुंकर घालून राहिले.

तुझीच,
मुलीकडची
कौशल्या